व्हर्लिनचं पन्नासाचं खोकं

व्हर्लिन टॉलेफसन चाळीस वर्षं नॉर्डलच्या धान्यकोठारावर वजनकाट्याला होता. गव्हाने भरलेला ट्रक काट्यावर चढला की तो आधी ड्रायव्हरला खाली उतरवायचा. ट्रक रिकामा होऊन परत आला की पुन्हा उतरवायचा, आणि मघाशी कॉफीचा थर्मास गाडीत होता की हातात होता, हेही विचारायचा. तीस टन गव्हात थर्मासने काय फरक पडतो, असं एका ड्रायव्हरने एकदा विचारलं. किती पडतो ते व्हर्लिनने त्याला थर्मासचं वजन करून दाखवलं. मागे सात ट्रक खोळंबले होते. त्या ड्रायव्हरने पुन्हा कधी विचारलं नाही आणि थर्मास घरी ठेवायला लागला.

असा माणूस फावल्या वेळात काडतुसं भरणार हे ओघानेच आलं. मिनेसोटाच्या त्या टोकाला हिवाळा सहा महिने चालतो, आणि लाकूड तासणं, मासे धरणं आणि काडतुसं भरणं एवढेच काय ते उद्योग असतात. व्हर्लिनला मासे आवडत नसत. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू ओतायची आणि वरून शिशाची गोळी दाबायची, एवढंच ते काम. दारू जास्त पडली तर रिव्हॉल्व्हर हातात फुटतं. कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि ते न कळून माणसाने पुढचा चाप ओढला तरी रिव्हॉल्व्हर हातातच फुटतं. म्हणजे माणूस चोख हवा. व्हर्लिन दिवसाला पन्नास भरायचा, आणि प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून बघायचा.

गावातल्या बंद पडलेल्या लोणी-कारखान्याच्या तळघरात क्लबची रेंज आहे. पन्नास फूट लांब, पाच जणांना उभं राहायला जागा आणि भिंतींना अजून ताकाचा वास. दर ऑक्टोबरात नव्या सभासदांचा वर्ग व्हर्लिनच घ्यायचा. त्यात तो एक नियम तीनदा सांगायचा: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या हत्यारात घालायचं नाही. सख्ख्या भावाने भरलेलं असलं तरी नाही. "भरताना त्याचा फोन वाजला होता का, हे तुम्हाला माहीत नसतं," असं तो म्हणायचा. लोक वहीत लिहून घ्यायचे.

आणि दर नाताळात हाच व्हर्लिन क्लबातल्या प्रत्येकाला स्वतः भरलेल्या पन्नास काडतुसांचं खोकं भेट द्यायचा.

यात काही विसंगती आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. नियम इतरांच्या काडतुसांबद्दल होता, आणि आपण इतरांत मोडतो असं जगात कुणालाच वाटत नाही. क्लबातल्या लोकांच्या मात्र ते पहिल्याच नाताळात लक्षात आलं होतं. पण नॉर्डलमध्ये दिलेली वस्तू नाकारायची पद्धत नाही. आर्लिस ब्रेकेच्या चुलतभावाला वाढदिवसाला कुणीतरी बोका दिला होता. मांजराच्या केसांनी त्याला दमा व्हायचा. बोका चौदा वर्षं जगला.

ही आर्लिस एकाहत्तर वर्षांची. एकतीस वर्षं तिने शाळेची बस बर्फावरून चालवली आणि एकदाही खड्ड्यात घातली नाही. आता शनिवारी सकाळी रेंजवर देखरेखीला तीच असायची. व्हर्लिनच्या खोक्याचं काय करायचं, याची तिने एक रीत बसवली होती. नाताळची झाडं घरांतून निघाली की ती आपल्या घराच्या तळघरात बसायची आणि एकेक काडतूस प्लॅस्टिकच्या पोकळ हातोड्यात घालून फरशीवर आपटायची. तीन ठोक्यांत गोळी आणि दारू बाहेर यायची. दारू ती एका डब्यात जमवून वसंतात पिओनीच्या फुलझाडांच्या आळ्यात खत म्हणून टाकायची. मग त्याच पुंगळीत स्वतः मोजलेली दारू भरायची, त्याचीच गोळी परत बसवायची आणि ते उडवायची. फेब्रुवारीत रिकाम्या पुंगळ्या व्हर्लिनला परत देताना ती म्हणायची, "वाईट नव्हती हं तुझी." पुंगळी त्याची, टोपी त्याची, गोळी त्याची. खोटं होतं ते फक्त चिमूटभर दारूपुरतं, असा हिशेब तिने मनाशी केला होता. चर्चमध्ये ती याबद्दल बोलली नव्हती.

बाकीचे काय करत होते हे तिने कधी विचारलं नाही. प्रत्येकाच्या घराला तळघर होतं, आणि जानेवारीत रस्त्याने चालताना आतून ठक ठक ऐकू यायचं, इतकंच तिला माहीत होतं. "वाईट नव्हती" याच्या पुढे नॉर्डलमध्ये कौतुक जात नाही. ते ऐकून व्हर्लिन आठवडाभर खुशीत असायचा. असं एकवीस वर्षं चाललं. तिच्या पिओनी गावात नावाजलेल्या होत्या.

मग दोन गोष्टी झाल्या. एक, व्हर्लिनचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कप बशीवर वाजायचा, मग सही बदलली, आणि मग एप्रिलपासून त्याने रेंजवर उभं राहणं सोडलं. थरथरत्या हाताने नेम धरण्यापेक्षा न धरलेला बरा, असं म्हणून रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं. तरी दर शनिवारी यायचा, मागच्या बाकावर बसायचा आणि कुणाची गोळी कुठे लागली ते न विचारता सांगायचा. काडतुसं भरणं मात्र चालूच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे गावच्या चर्चला नवे पास्टर आले. टेरेल मीक्स, मूळचे अर्कान्सासचे. मोठ्याने बोलणारे, मिठी मारणारे. नाताळच्या जेवणाला क्लबने त्यांना बोलावलं आणि व्हर्लिनने त्यांनाही खोकं दिलं.

"अहो टॉलेफसन," पास्टर म्हणाले, "हे मी कपाटात शोभेला ठेवणार नाही हं. वडिलांचं अडतीसचं रिव्हॉल्व्हर आहे माझ्याकडे. बर्फ वितळू दे, सगळीच्या सगळी उडवतो की नाही बघा."

 कुणीतरी बटाट्याचं भांडं पुढे सरकवलं. आर्लिसने बटाटे वाढून घेतले, आणि हा माणूस जे बोलतो तेच करतो की काय, अशी शंका तिला पहिल्यांदा आली.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी रेंजवर दोघंच होते. बाहेर शून्याखाली बावीस होतं आणि बाकीच्यांच्या गाड्या सुरू झाल्या नव्हत्या. व्हर्लिनने कोटाच्या खिशातून एक खोकं काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"अगं आर्लिस, एक काम होतं तुझ्याकडे. यातली दहा उडवून दे."

"मी?"

"मग काय मी उडवू? मी उडवली तर छताला भोक पडेल. क्लबाने ते वेग मोजायचं यंत्र आणलंय ना, ते लाव पुढे. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

 व्हर्लिनने उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. हात टेबलावरही थरथरत होता, आणि खोक्यातली काडतुसं बारीक वाजत होती. "हा हात भरण्यातही शिरलाय का, ते," तो म्हणाला. "शिरला असेल तर मला थांबायला हवं. तूच सांगू शकशील. एकवीस वर्षं माझी काडतुसं उडवतेयस. पूर्वीची कशी होती ते तुझ्या हाताला माहीत आहे."

आर्लिसच्या हाताला ते मुळीच माहीत नव्हतं. पण "नाही" म्हणायची वेळ एकवीस वर्षांपूर्वीच टळून गेली होती. तिने कानांवर संरक्षक चढवले, चष्मा लावला आणि यंत्राच्या दोन चौकटी पुढे मांडल्या. पहिलं काडतूस चक्रात घालताना तिला स्वतःच्या बोटांकडे बघावंसं वाटलं, म्हणून तिने बघितलं. पाची होती. या बोटांनी अजून एक स्वेटर अर्धा विणायचा राहिला होता. मग तिने चाप ओढला.

पहिलं नीट गेलं. दुसरं हातात जरा जोराने उसळलं. चौथं उडालं तेव्हा आवाज एवढा मऊ आला, की कुणी उशीवर थाप मारावी. आर्लिस थांबली. चक्र उघडून तिने नळीतून दिव्याकडे पाहिलं. नळी मोकळी होती, गोळी गेली होती. तिने बाहीने कपाळ पुसलं आणि पुढची सहा उडवली. दहाव्यानंतर तिने यंत्रावरचे आकडे कागदावर उतरवून घेतले. सर्वांत सावकाश गोळी सेकंदाला पाचशे अठ्ठ्याण्णव फूट, सर्वांत जलद सातशे एक्केचाळीस.

व्हर्लिनने कागद डोळ्यांजवळ धरला, मग हाताने तो हलायला लागला म्हणून टेबलावर ठेवून वाचला. "एकशे त्रेचाळीसचा फरक," तो म्हणाला. "पुस्तकात तीस-चाळीस म्हणतात. पण पुस्तकात काहीही छापतात गं. त्यांची बंदूक वेगळी, आपली वेगळी. माझी माझ्याशीच ताडायला हवीत. खरं सांग. पूर्वीसारखीच वाटली का?"

"अगदी पूर्वीसारखी," आर्लिस म्हणाली.

हे तिच्या तोंडून आपसूक गेलं. शिंकेला जसं कुणीतरी "गॉड ब्लेस" म्हणतं तसं. पण व्हर्लिनचा चेहरा असा काही सैल झाला, की तो एप्रिलपासून किती आवळलेला होता हे तिला तेव्हा कळलं.

"म्हणजे हात फक्त हातातच आहे," तो म्हणाला. "बरं झालं बाई. मी उगाच झोप घालवत होतो. पास्टरना आणखी एक खोकं कबूल केलंय, तेही या आठवड्यात भरून टाकतो. त्यांना फार हौस आहे."

आर्लिस घरी आली आणि तिने सूप गरम केलं. ते थंड झालं, परत गरम केलं, आणि शेवटी भांड्यावर झाकण ठेवून दिलं. ते मऊ चौथं काडतूस तिच्या कानातून जात नव्हतं. तिच्यासारखी बाई तिथे थांबली, नळी तपासली. पास्टर मीक्स थांबणारे नव्हते. ते भजनातही दोन ओळींच्या मध्ये थांबत नसत. आणि व्हर्लिनला खरं सांगावं, तर कसलं खरं सांगणार? पूर्वीची कशी होती हे तिला ठाऊक नव्हतं. क्लबात कुणालाच ठाऊक नव्हतं. एका माणसाच्या एकवीस वर्षांच्या कामाला साक्षीदार म्हणून अठरा माणसं होती, आणि त्या अठरा जणांनी मिळून सगळा पुरावा हातोड्याने फोडून फुलझाडांना घातला होता. तिला स्वतःची लाज वाटली. ती आयुष्यात फारशा वेळा वाटली नव्हती, त्यामुळे काय करायचं ते तिला कळेना. म्हणून ती तळघर आवरायला गेली.

लोणच्याच्या बरण्यांमागे, वरच्या फळीवर, एक खोकं होतं. झाकणावर व्हर्लिनचं जुनं अक्षर, छापल्यासारखं सरळ: नाताळ २०११. झाकणाची चिकटपट्टी तशीच होती. त्या वर्षी पत्रपेटीपाशी घसरून तिचं मनगट मोडलं होतं आणि प्लास्टरमधल्या हाताने हातोडा चालेना. म्हणून फेब्रुवारीत तिने आपल्याच पन्नास जुन्या पुंगळ्या त्याला नेऊन दिल्या होत्या आणि "वाईट नव्हती" म्हणाली होती. म्हणजे चारही बाजूंनी खोटं. ते वर्ष ती विसरून गेली होती.

ती खोकं मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. हे उडवून बघितलं तर व्हर्लिनला त्याचं उत्तर मिळणार होतं. पण ते एकटीने उडवून आकडे नुसते कानावर घालता येणार नव्हते. वजनकाट्यावरचा माणूस तो, डोळ्यांदेखत काटा स्थिरावल्याशिवाय त्याने कधी पावती फाडली नव्हती. खोकं त्याच्यापुढेच उघडायला हवं होतं, आणि ते पुढे ठेवलं की बाकी काही सांगायची गरजच उरणार नव्हती. हो, भित्री होते, असं तिने स्वतःशी कबूल केलं. बर्फावर बस चालवायला जे लागतं ते आणि हे, वेगळं असतं.

पुढच्या शनिवारी ती नऊच्या आधी आली. व्हर्लिन बाकावर बसला होता. तिने खोकं त्याच्या शेजारी ठेवलं आणि यंत्राच्या चौकटी मांडायला गेली. परत आली तेव्हा तो झाकणावरच्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत होता.

"हे फोडलेलंच नाही," व्हर्लिन म्हणाला.

"नाही."

"अकराचं आहे."

"हो."

"याच्या पुंगळ्या तू मला परत दिल्या होत्यास. पन्नास."

"त्या माझ्या होत्या."

तळघरातला पंखा घरघरत होता. व्हर्लिन खोक्याकडे बघत बसला. कोठारावर एखादा आकडा जुळला नाही की तो असाच बसायचा, आणि मागचे ट्रक वाट बघायचे.

"बाकीची वीस वर्षं?"

"दारू काढून टाकली," आर्लिस म्हणाली. "माझी भरली. गोळ्या तुझ्याच होत्या."

"म्हणजे तू एकही उडवलेलं नाहीस."

"गेल्या शनिवारी दहा उडवली. ती पहिली. व्हर्लिन, पूर्वीसारखी आहेत म्हणाले ते मी खोटं बोलले. पूर्वीची कशी होती ते मला माहीत नाही. मला वाईट वाटतंय. एकवीस वर्षांचं एकदम वाटतंय."

"आणि इतर लोक?"

"इतरांचं मी काय सांगू?"

"आपल्या क्लबातला रॉल्फ म्हणाला होता, चौदा सालची जरा वर लागतात."

आर्लिसने खाली पाहिलं.

"मी त्यापायी दारू कमी केली गं," व्हर्लिन म्हणाला. "दोन वर्षं वजनं बदलून बघितली. पुन्हा त्याला विचारलं, तर म्हणाला आता मध्यावर लागतात."

"रॉल्फ मनाने चांगला आहे," आर्लिस म्हणाली. 

तो रागावेल, असं तिला वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "मीच शिकवलं होतं तुम्हाला. दुसऱ्याचं उडवू नका म्हणून. नीट शिकलात म्हणायचं." आणि मग, त्याच सुरात, "लाव यंत्र. उघड ते."

तिने बारा वर्षांपूर्वीची दहा काडतुसं मोजून घेतली. या वेळी तिने बोटांकडे पाहिलं नाही. पहिलं उडवलं. दुसरं उडवलं. तिसऱ्यापर्यंत तिला कळलं होतं, आणि मागे बाकावर बसलेल्या व्हर्लिनलाही कळलं असणार, कारण आवाज कानाला कळतो. प्रत्येक वेळी तोच आवाज, तोच धक्का, जणू एकच काडतूस ती पुन्हा पुन्हा उडवत होती. दहाव्यानंतर तिने लक्ष्याचा कागद तारेवरून ओढून घेतला. दहा गोळ्यांचं मिळून एक भोक पडलं होतं, पन्नास सेंटच्या नाण्याने झाकलं जाईल एवढं. आर्लिसने आयुष्यात असा कागद काढला नव्हता.

तिने आकडे वाचून दाखवले. सर्वांत सावकाश सातशे सात. सर्वांत जलद सातशे एकोणीस.

"बारा," व्हर्लिन म्हणाला.

"बारा."

"बारा फूट," तो पुन्हा म्हणाला, आणि गेल्या शनिवारचा कागद खिशातून काढून त्याच्या शेजारी ठेवला. एकावर बारा, दुसऱ्यावर एकशे त्रेचाळीस. दोन्ही कागद त्याने किती वेळ पाहिले कोण जाणे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याने पुसलं नाही. आर्लिसने न पाहिल्यासारखं केलं, कारण तिथे तसंच करतात. पण मग तिला वाटलं की एकवीस वर्षं हेच करत आलो, म्हणून ती त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि त्याच्या थरथरत्या हातावर आपला हात ठेवला.

"इतकी चांगली होती," ती म्हणाली. "व्हर्लिन, मी फोडून फोडून फुलांना घातली रे."

"तू हे विसरली नसतीस," व्हर्लिन म्हणाला, "तर मला आज ताडायला काही नसतं." हे त्याने तिची समजूत घालायला म्हटलं नव्हतं. जे दिसलं ते सांगितलं होतं. मग त्याने हात सोडवून घेतला आणि कोटाची बटणं लावायला सुरुवात केली. ते काम लांबलं. "चल. पास्टरकडून खोकं परत आणायचंय."

"मी आणते की. तू कशाला?"

"दिलं मी. आणणारही मीच. गाडी तेवढी तू चालव."

पास्टरांच्या घरासमोर आर्लिसने इंजिन चालू ठेवलं, नाहीतर ते पुन्हा सुरू झालं नसतं. व्हर्लिन पायऱ्या चढला. दार उघडलं, आतून मोठ्याने स्वागत झालं, दार लागलं. आर्लिस काचेवरचं बर्फ आतून नखाने खरवडत बसली. दिलेली वस्तू परत मागायला गेलेला माणूस तिने नॉर्डलमध्ये याआधी पाहिला नव्हता. ते कसं करतात, दारातच सांगतात की कॉफी झाल्यावर, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. दहा मिनिटं झाली. वीस झाली.

व्हर्लिन बाहेर आला तेव्हा खोकं त्याच्या काखेत होतं. तो एकेक पायरी बघून उतरला, गाडीत बसला, खोकं मांडीवर ठेवलं आणि पट्टा लावायला त्याला बराच वेळ लागला. तिने लावून दिला नाही.

"दिलं?" तिने विचारलं.

"दिलं. पण भरलेलं नाहीये सगळं." त्याने झाकण उघडलं. पन्नास खळग्यांपैकी वीस रिकामे होते. "बर्फ वितळेपर्यंत धीर धरवला नाही म्हणे. गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर रॉल्फच्या खडीच्या खाणीत जाऊन उडवली."

आर्लिस त्याच्याकडे वळली. "लागलं नाही ना त्यांना काही?"

"नाही. दोन जरा विचित्र वाटली म्हणाले. एक फुसकं आणि एक हाताला झोंबलं. मी सांगितलं, पास्टर, माझा हात बिघडलाय, तुमचं दैव चांगलं होतं. तर म्हणे, टॉलेफसन, गेल्या वर्षभरात इतकी मजा आली नव्हती मला." व्हर्लिनने झाकण बंद केलं. "मग त्यांच्या बायकोने कॉफी दिली. नको म्हणता येईना."

गाडी हलली नव्हती. समोरच्या घराच्या धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता.

"वीस उडवली त्यांनी," व्हर्लिन म्हणाला.

"हो रे. देवाची कृपा."

"तसं नाही म्हणत मी." तो समोर बघत होता. "कुणीतरी उडवली. मी दिली, आणि घरी नेऊन उडवली. माझी दारू, माझंच माप, सगळं माझंच. आणि ती नेमकी या बिघडलेल्या हाताची निघाली."

आर्लिसला काही बोलायचं होतं. पण बोललं ते वाईट तरी लागलं असतं किंवा खोटं तरी, आणि खोटं ती आता बोलणार नव्हती. तिने गियर टाकला. चर्चचं वळण गेलं, कोठार गेलं, त्याच्या घराचा रस्ता आला.

"पुढच्या शनिवारी रेंज झाली की घरी ये," व्हर्लिन म्हणाला. "मोठा पाना आण. काडतुसं भरायचं यंत्र बाकाला चार बोल्टांनी घट्ट बसवलंय. ते माझ्याने निघायचे नाहीत."

"येते," आर्लिस म्हणाली.